गळाला बांधलेली भिंगरी

इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, तह येतात, राजांच्या वंशावळी येतात. आम्ही आज ज्या वस्तूचा इतिहास मांडणार आहोत ती तळहातावर ठेवली तर फुंकरीने उडून जाईल. एक गळ, त्यावर बांधलेली चार पिसे, दोऱ्याचे वेढे आणि नखाएवढे एक पितळी पाते. पाण्यातून ओढले की ते पाते भिंगरीसारखे गरगर फिरते. अमेरिकेत बास आणि स्ट्रायपर नावाचे मासे धरण्यासाठी अशी कृत्रिम आमिषे बांधण्याचा मोठा शौक आहे, आणि त्या शौकामागे मोठा व्यापारही उभा आहे. गोंदियाच्या माणसाने ह्या वस्तूत का लक्ष घालावे, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, ह्या वस्तूच्या इतिहासात आपल्या देशाची पिसे आहेत, आपल्या तलावांतील मरळीसारख्या माशांचा स्वभाव आहे, आणि आपल्या घराघरांत बिडीला दोरा गुंडाळणाऱ्या बोटांची सख्खी भावंडे आहेत. आमचे आयुष्य बिडी कामगारांच्या चळवळीत गेले. शाळा आम्हांला लवकर सोडावी लागली; पुढचे जे काही शिकलो ते गावोगावच्या वाचनालयांनी आणि कामगारांच्या वस्त्यांनी शिकविले. त्यामुळे कोणतीही वस्तू हाती आली की ती कोणी वापरली ह्यापेक्षा ती कोणी बनविली, हे विचारण्याची खोड आम्हांला जडली आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते नीट पाहू. आपल्याकडे गळाला गांडूळ, कणीक किंवा लहान मासा लावतात. म्हणजे माशाला खरेच अन्न दाखवितात. पिसांचे आमिष तसे नाही. त्यात खाण्याजोगे काहीच नसते. इंग्रज त्याला 'फ्लाय' म्हणजे माशी म्हणतो, कारण आरंभी पाण्यावर पडणाऱ्या माश्यांची ती नक्कल होती. पुढे लहान माशांची, बेडकांची, झिंग्यांची नक्कल होऊ लागली, पण नाव माशीच राहिले. ही माशी फेकण्याची रीतही निराळी. साध्या गळात वजन शिशाचे असते आणि दोर त्याच्यामागे जातो. माशीला वजन नसते. म्हणून दोरच जाड आणि जड करतात, लवचिक काठीने तो चाबकासारखा मागेपुढे फिरवून फेकतात, आणि दोराच्या टोकाशी माशी अलगद जाते. येथे पात्याची अडचण सुरू होते. पाते मोठे असेल तर ते हवेत अडते आणि पाण्यात फिरताना दोराला पीळ घालते. म्हणून माशीवरचे पाते अगदी लहान घ्यावे लागते आणि ते बारीकशा फिरत्या कडीवर टांगावे लागते.

बांधण्याची कृती अशी. गळ लहानशा शेगड्यात घट्ट धरावयाचा. समुद्रालगतच्या पाण्यासाठी तो न गंजणाऱ्या पोलादाचा लागतो. त्याच्या दांड्यावर मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे देऊन बैठक तयार करावयाची, म्हणजे पुढचे काही घसरत नाही. मग बारीक तारेचा फास बांधून त्यात कडी आणि पाते अडकवावयाचे. पाते गळाच्या टोकात अडकणार नाही अशा बेताने. मग शेपटीसाठी कोंबड्याची लांब पिसे किंवा हरणाच्या शेपटीचे केस, अंगासाठी लोकर, मानेभोवती पिसाचा वेढा, शेवटी डोक्याशी गाठ आणि तिच्यावर रोगणाचा थेंब. पाण्याच्या टपात ओढून पाते फिरते की नाही हे पाहिले म्हणजे काम संपले. पात्याच्या आकारात मोठा हिशेब आहे. वाटोळे पाते दांड्यापासून सुमारे पन्नास अंशांवर उघडून हळू फिरते आणि पाण्याला जोराचे धक्के देते. वाळुंजाच्या पानासारखे लांबट पाते दांड्याला चिकटून झपाट्याने फिरते. त्याचा धक्का थोडा, पण चमक फार. गढूळ पाण्यात वाटोळे पाते उपयोगी पडते आणि नितळ पाण्यात लांबट. ह्याचे कारण असे की, माशाच्या दोन्ही अंगांवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते. तिच्यातून त्याला पाण्यातला बारीकसा हादराही कळतो. डोळ्यांना दिसले नाही तरी अंगाला कळते. पितळेची चमक डोळ्यांसाठी आणि तिचा हादरा ह्या रेषेसाठी, अशी ही दुहेरी फसवणूक आहे.

ही फसवणूक फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील नदीवरच्या कोळ्यांचे वर्णन केले. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधीत, असे तो लिहितो. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नावावरील 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचा चारा, दोर, गळ आणि काठी ह्यांचा विचार त्यात केला आहे. ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ मध्ये त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ह्या दोन उल्लेखांतील एक फरक मात्र आमच्या नजरेतून सुटत नाही. ईलियनने कोळ्यांची युक्ती सांगितली. सोमेश्वराच्या ग्रंथात ती राजाचा विनोद झाली. मासा धरण्याचे ज्ञान पाण्यावर पोट असलेल्या माणसाचे, आणि ग्रंथ मात्र ज्याला वेळ घालवावयाचा त्याचा. पुढचा सगळा इतिहास ह्याच वळणाने गेला.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सॅमन माशासाठी रंगीबेरंगी माश्या बांधण्याचे वेड शिगेला पोचले. जॉर्ज केल्सन ह्याने १८९५ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ह्या माश्यांना जगभरच्या पक्ष्यांची पिसे लागत, आणि त्यांत भारतातल्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांना फार मान होता. आपल्या दक्षिणेकडील व पश्चिमेकडील रानांतला हा करडा रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब ओतल्यासारखे पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके असतात. माशीवर बांधले की ते लहान माशाच्या डोळ्यांसारखे दिसतात. त्या पिसांसाठी आणि विलायती टोप्यांवरच्या तुऱ्यांसाठी पाखरे मारली जाऊ लागली. अखेर १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची पिसे परदेशी पाठविण्यास बंदी केली. खुद्द इंग्लंडने पिसांच्या आयातीविरुद्धचा कायदा १९२१ मध्ये केला, म्हणजे एकोणीस वर्षांनी. बंदी आली तशी चोरटी वाहतूकही आली. आज ज्यांना ही पिसे हवी असतात ते परदेशांत पाळून वाढविलेल्या पाखरांची घेतात.

पिसांनंतर गळ. इंग्लंडमधील रेडिच हे गाव सुयांसाठी आणि गळांसाठी प्रसिद्ध होते. जगातील फार मोठा भाग त्या एका गावाचे गळ वापरीत असे. सुईला टोक काढण्याचे काम कोरड्या सहाणेवर चाले. पोलादाची आणि दगडाची बारीक धूळ टोक काढणाऱ्याच्या छातीत जाई आणि तो ऐन तारुण्यात खोकत मरे. १८२० च्या दशकात शेफील्डच्या अब्राहम नावाच्या गृहस्थाने लोहचुंबक बसविलेले एक साधन सुचविले. पुढे धूळ ओढून घेणारे पंखेही आले. आणि येथे इतिहास असे काही सांगतो की ऐकणारा चकित होतो. कामगारांनीच ह्या साधनांना विरोध केला. वरवर पाहणारा म्हणेल, केवढे हे अज्ञान! कामगारांत वावरलेला माणूस तसे म्हणणार नाही. टोक काढणाऱ्याला मजुरी चांगली मिळे, कारण तो लवकर मरे. काम निर्धोक झाले की मजुरी उतरणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. ज्या व्यवस्थेत माणसाला आपले आयुष्य विकूनच बरी मजुरी मिळते, तेथे त्याच्यापुढे औषध ठेवले तरी तो ते शंकेनेच पाहतो. मजुरी शाबूत राहील ही हमी आधी आणि पंखा मागून, असा क्रम असता तर बरेच जीव वाचले असते. पुढे १८७७ मध्ये नॉर्वेतील मुस्टाड कारखान्यात मातियास टॉप ह्याने गळ बनविणारे स्वयंचलित यंत्र तयार केले आणि हाताने गळ घडविण्याचा धंदा हळूहळू मागे पडला.

आता पाते. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतातला जूलिओ ब्यूएल ह्याने चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट १८५२ मध्ये घेतले. लहानपणी नावेत बसून जेवताना त्याचा चमचा तळ्यात पडला आणि चमकत खाली जाणाऱ्या चमच्यावर एका मोठ्या माशाने झडप घातली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली असो, पेटंट खरे आहे. १८९९ मध्ये इंडियाना प्रांतातील लोगन्सपोर्ट गावी जॉन हिल्डेब्रांट ह्याने लहान फिरत्या पात्यांचा धंदा सुरू केला. त्याचे पहिले पाते चांदीचे नाणे ठोकून केलेले होते असे म्हणतात. त्याआधी १८८१ मध्ये जेम्स हेन्शल ह्याने काळ्या बासवर ग्रंथ लिहून त्या माशाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. पण आम्हांला सर्वांत अगत्याचे वाटते ते मेरी ऑर्व्हिस मारबरी हिचे नाव. व्हरमाँटमधील मँचेस्टर गावी वडिलांच्या कारखान्यात माश्या बांधणाऱ्या बायकांच्या खात्याची ती प्रमुख होती. त्या काळी एकाच माशीला दर गावी निराळे नाव असे आणि गिऱ्हाईक काय मागतो ते कळत नसे. तिने ठिकठिकाणच्या शौकिनांकडून पत्रे मागवून माश्यांची नावे, रंग आणि हकिगती एकत्र केल्या आणि १८९२ मध्ये ग्रंथ छापला. बासच्या माश्या त्यात आहेत. ह्या धंद्याचा कोश एका बांधणाऱ्या बाईने सिद्ध केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्ट्रायपर हा अंगावर काळ्या रेघा असलेला समुद्री मासा. अंडी घालण्यासाठी मात्र तो नद्यांतून वर चढतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वसाहतवाल्यांनी तो इतका पकडला, की त्याचे खत करून शेतात घालू नये असा नियम मॅसॅच्युसेट्स वसाहतीला १६३९ मध्येच करावा लागला. १९५० नंतरच्या वर्षांत चेसापीक उपसागरात लेफ्टी क्रे ह्याने ह्याच माशासाठी लांब पिसांची एक माशी बांधली. पिसे गळाच्या मागच्या टोकाशी बांधल्यामुळे ती फेकताना गळात गुंतत नसत. ती इतकी गाजली की १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर तिचे चित्र आले. पण तिकिटावर माशी आली त्याच्या आधीच मासा नाहीसा होण्याच्या बेताला आला होता. १९७० नंतर अति मासेमारीने आणि बिघडलेल्या पाण्याने स्ट्रायपर झपाट्याने घटला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने कायदा केला. १९८५ ते १९९० ह्या काळात मेरीलँड राज्याने तो पकडणेच बंद ठेवले. आणि १९९५ मध्ये मासा पुन्हा भरात आल्याचे जाहीर झाले. पाते कितीही कुशलतेने बांधले तरी पाण्यात मासाच नसेल तर ते नुसते पितळ होय.

हिंदुस्थानात ही विद्या साहेबांबरोबर आली. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी. त्याने १८७३ मध्ये मंगळूरहून गळाच्या शिकारीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. महाशीर माशासाठी चमच्याच्या आमिषाची शिफारस त्यात आहे. १८८७ मध्ये त्याने तलावांतील मासेमारीवर दुसरा ग्रंथ लिहिला. सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्यास बंदी करणारा कायदा हिंदुस्थानात १८९७ मध्ये झाला. कायदा योग्यच होता. पण पाण्याला अपाय न करता पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत आलेल्या माणसाची विद्या विचारावी, लिहून घ्यावी, हे कोणाच्या मनात आले नाही.

ती विद्या आपल्या दाराशी आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तलावांचा वारसा मात्र दोघांचा एकच. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी शेतकऱ्यांनी येथे पाळी घातल्या, तुडुमे बसविली, भातशेती पिकविली. नवेगावबांधचा अफाट जलाशय कोलू पाटील कोहळी ह्याने बांधला असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. पाळ कोहळ्याची, पण पाणी ओळखणारा ढिवर. मालगुजारी गेली, १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले, आणि ढिवर बांधव सहकारी संस्था करून मासेमारीचे ठेके घेऊ लागले. गाळ साठला, बेशरमाची झुडपे माजली, बाहेरून आणलेल्या बीजाचे रोहू-कटले वाढले आणि गावठी मासे मागे पडले.

ह्या गावठी माशांत मरळ हा आमच्या विषयाचा खरा नायक आहे. अमेरिकेचा बास आणि आपली मरळ ह्यांचे कुळ एक नाही, पण स्वभाव एक आहे. दोघेही पाणवनस्पतींत दबा धरून बसतात आणि समोरून हलते काही गेले की झडप घालतात. म्हणून अलीकडे शहरांतले हौशी तरुण चाकाची काठी आणि चमचमते पाते घेऊन मरळीच्या मागे लागलेले दिसतात. दोघांची आणखी एक गोष्ट सारखी आहे. नर बास घरट्यातील अंड्यांची राखण करतो. मरळीची जोडी पाण्यावर तांबूस थव्याने फिरणाऱ्या आपल्या पिलांची राखण करते. त्या दिवसांत जवळून पाते फिरले तर मरळ भुकेने नव्हे, पिलांना वाचविण्यासाठी त्यावर तुटून पडते. तेव्हा तिला धरणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत वाईट. कारण राखणदार गेला की पिले इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातात. पावसाळ्यातला तो थवा म्हणजे पुढच्या सालचा तलाव, हे जाणत्या ढिवराला सांगावे लागत नाही. पाते विकणारा दुकानदार ते सांगत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रियांनी पुढे होऊन तलावांतले बेशरम उपटले, गावठी पाणवनस्पती लावल्या, गावठी मासे परत आणण्याचे काम हाती घेतले. स्ट्रायपरसाठी अमेरिकेला कायदा करावा लागला. येथे बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते आरंभिले.

ह्याच घरांतून, तलावावरून परतल्यावर, बिडी बांधली जाते. गोंदियात रेल्वे आली, भोवताली तेंदूचे जंगल होते, गुजरातेतून तंबाखू येई. त्यातून हा धंदा उभा राहिला. पान पत्र्याच्या मापाने कापणे, तंबाखू भरणे, वळणे, तोंड मुडपणे आणि दोऱ्याचे दोन वेढे देऊन टाकणे. आम्ही माशी बांधण्याची कृती पहिल्यांदा वाचली तेव्हा बोटांच्या त्याच हालचाली डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. साम्य एवढ्यावर थांबत नाही. आज जगातील बऱ्याच माश्या केनिया, श्रीलंका आणि थायलंड येथे बांधल्या जातात, आणि बांधणाऱ्यांत स्त्रिया फार. बिडी हजारावर मोजतात, माशी डझनावर. स्ट्रायपरची माशी बांधणाऱ्या बाईने स्ट्रायपर पाहिलेला नसतो. बिडी बांधणारी बिडी ओढीत नाही, तरी तंबाखूची धूळ तिच्या छातीत जातेच. बिडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. ते कायदे मिळविण्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली. तरी सट्टेदाराच्या दारात पाटीतून नापास म्हणून काढलेल्या बिड्यांचे दाम कोणाच्या खिशात गेले, हा प्रश्न आम्ही ज्या ज्या वस्तीत गेलो तेथे बायांनी आम्हांला विचारला आहे. रेडिचच्या कामगाराचा आणि आमच्या बायांचा प्रश्न एकच आहे: बोटांचे मोल कोण ठरवितो?

कोणी म्हणेल, शौकाच्या वस्तूवर एवढे गंभीर बोलावयाचे कारण काय? शौकाला आमचा विरोध नाही. कामगारालाही रविवारी पाळीवर बसून गळ टाकण्याइतकी फुरसत मिळावी, म्हणून तर आठ तासांच्या दिवसासाठी लढे झाले. भंडाऱ्याच्या पितळी पत्र्यातून एखाद्या कारागिराने पाते कापावे, गावच्या कोंबड्याची पिसे घ्यावीत, आणि बिडीच्या दोऱ्याने सरावलेल्या बोटांनी माशी बांधावी, ही कल्पना आम्हांला आवडते. त्यात अशक्य काहीच नाही. मात्र दर आधी ठरावा, आणि मरळीचा थवा पाण्यावर असेल तेव्हा पाते घरी राहावे, ह्या दोन अटी कायम ठेवून.

शेवटी एक सूचना मांडतो. सोमेश्वराच्या काळापासून पाण्याची विद्या दुसऱ्यांनी लिहिली आणि जाणणारा गप्प राहिला. मरळीची पिले कोणत्या नक्षत्रात दिसतात, कोणत्या बोडीत कोणता मासा पूर्वी होता आणि केव्हा नाहीसा झाला, कोणते जाळे कशासाठी विणतात, हे सांगू शकणारी वृद्ध माणसे अजून आपल्या जिल्ह्यात आहेत. व्याख्यानमालेच्या चालकांनी पुढील वसंतात एक दिवस अशा ढिवर स्त्रीपुरुषांसाठी राखून ठेवावा. त्यांनी ह्याच व्यासपीठावरून बोलावे. आपण समोर बसून वही काढावी आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. त्या दिवशी लघुलेखकाचे काम करावयास आम्ही तयार आहोत.